आखूड नळी

६ जानेवारी १९८३, गुरुवार

वही शोभाताईने दिली. म्हणाली, "डोकं तापलं की यात ओत, माणसांवर नको ओतू." ताई माझी मोठी बहीण, शाळेत शिकवते आणि घरीही शिकवणं थांबवत नाही.

कॉलेजचं एकदाच लिहून मोकळा होतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला, हे रीडिंग चोरलेलं आहे. चोरलेलं नव्हतं. मी काचेची ब्युरेट त्याच्या टेबलावर आपटली. माफी मागितली असती तर मिटलं असतं, पण मागितली नाही, कॉलेज सोडलं. बाबा दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर उभा असतो आणि ते ताईला सांगतात, "त्याले म्हणा, नळ बंद कर."

लोकांच्या घरच्या गोल्डफिशच्या काचपेट्या धुऊन देतो, तेवढाच उद्योग. आज रामदासपेठेतल्या वामनरावांनी बोलावलं होतं. संत्र्यांचे मोठे व्यापारी आहेत. मुंबईला जाऊन समुद्राचे मासे पाहून आले, तेव्हापासून त्यांना दुसरं सुचत नाही. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये पलंगाएवढी काचेची टाकी करून घेतली आहे.

"गिरधर, नागपुरात खाऱ्या पाण्याची टाकी कोणाकडे हाय सांग."

"कोणाकडेच नाही."

"मंग? मार्चात पाहुणे येऊन राहिले. तोवर मासे जित्ते ठेवून दाखव. धरमपेठेतला माझा कोपऱ्यावरचा गाळा तुले देतो, टाक दुकान."

गाळा मिळाला की मी कोणीतरी होईन. कोणीतरी झालो की गोपिकाबद्दल तोंड उघडता येईल. गोपिका ही वामनरावांची पुतणी. पारशिवनीहून बी.ए. करायला इथे येऊन राहिली आहे. आज चहा तिने आणला. कप ठेवताना बशीत सांडला. लक्ष माझ्याकडे असावं.

११ जानेवारी

मासे आले. समुद्राचं पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून मुंबईच्या गाडीने आलं, मासे फुगवलेल्या पिशव्यांतून. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले जोकर, काही निळे, एक पिवळाजर्द. पोवळी वगैरे काही नाहीत, नुसते मासे आणि दगड. पोवळी सांभाळायची अक्कल मला नाही, हे मी वामनरावांना आधीच सांगितलं.

काकू, म्हणजे वामनरावांच्या पत्नी पुष्पलताबाई, बराच वेळ काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"हेही मासेच ना गा? आपल्या तलावातल्यासारखे?"

मला रागच आला. "काकू, हे समुद्राचे. तलावातले शंभर अन् हा एक."

"अगं बाई," म्हणून त्यांनी चक्क हात जोडले. मागे गोपिका हसली. मला बरं वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

खाऱ्या टाकीत खरी अडचण घाणीची. माशांचं मलमूत्र, उरलेलं अन्न, सगळं पाण्यात विरघळतं. गोड्या पाण्यात अर्धं पाणी बदललं की झालं. इथे समुद्र आठशे किलोमीटरवर. म्हणून प्रोटीन स्किमर लागतो. उभ्या नळीत खालून बारीक बुडबुडे सोडायचे. विरघळलेली घाण बुडबुड्यांना चिकटून वर येते, फेस होऊन वरच्या कपात सांडते, कप ओतून द्यायचा.

मुंबईच्या मासेवाल्याने जुनी इंग्रजी मासिकं दिली होती, ती वाचून वाचून डोळे गेले. तीन मार्ग दिसतात. एक, त्याच्याकडचं परदेशी मोटरवालं यंत्र. बिघडलं तर दुरुस्त करणारा इथे कोणी नाही. दुसरा, लहान नळी, टाकीतच दगडामागे लपणारी. दिसत नाही, पण बुडबुड्याला पाण्यात वेळच मिळत नाही. तिसरा, उंच नळी, टाकीबाहेर उभी. पाणी वरून खाली, हवा खालून वर. जितकी उंच तितकी चांगली.

उंचच करायची. सदर बाजारात दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडे अॅक्रिलिकची नळी पाहून आलो.

गोपिकाने तीळगूळ दिला. "गोड बोला" म्हणाली. मी "हो" म्हणालो. एवढंच सुचलं.

१८ जानेवारी

उंच नळी उभी केली. हवेच्या नळीच्या टोकाला लावायच्या दगडी एअरस्टोनचे बुडबुडे जाड येतात, म्हणून लाकडाचा तुकडा हवा. सागवान लावलं, त्याचा रंग पाण्यात उतरला. आंब्याचं दोन दिवसांत फुगलं. शेवटी कामठीहून यंत्रमागाच्या जुन्या लाकडी कांड्या आणल्या. सूत गुंडाळून गुंडाळून गुळगुळीत झालेल्या. एक कापून बसवली आणि दुधासारखे बारीक बुडबुडे आले. मला ओरडावंसं वाटलं. ओरडलोही. काकू देवघरातून धावत आल्या.

गोपिकाने विचारलं, हे काय करते? वरणाचा फेस डावाने काढतात तसं, म्हणालो. ती म्हणाली, "आमच्याकडे गुऱ्हाळात रसाची मळी काढते, तसं." अगदी तसंच. इतक्या लवकर कोणालाच समजलं नव्हतं. वामनरावांना तर अजूनही समजलं नाही.

मग नळीकडे वर पाहत म्हणाली, "पण हे असं उभं... घरात कोणी बिमार असल्यासारखं वाटते. सलाईन लावल्यासारखं. पाहुणे काय म्हणतीन?"

१९ जानेवारी

रात्रभर तेच शब्द डोक्यात.

सकाळी करवत घेऊन गेलो आणि नळी कापली. निम्म्याहून कमी ठेवली. आता दगडामागे बसते, बिलकुल दिसत नाही. फेस येतो. पहिल्यासारखा दाट नाही, पण येतो. मासे थोडे आहेत, मोजकं खाणं देतो, भागेल. गणित करून पाहिलं तर भागतं.

ती म्हणाली, "आता छान." वरचा कापलेला तुकडा घरी आणून पलंगाखाली टाकला. ताई म्हणाली, "हे काय?" मी म्हणालो, "उरलेलं."

२८ जानेवारी, शुक्रवार

विचित्र आहे. काल संध्याकाळी फेस एकदम बसला. बुडबुडे येतात, फेस नाही. आज पाहतो तर कप भरून वाहतोय, पिवळट, चिकट. कांडी बदलली. हवेचा पंप खोलून साफ केला.

काल गोपिका टाकीजवळ उभी होती. मी येताच दचकली, हात पदराखाली घेतले. बोटं हळदीने पिवळी होती, नखांत कणीक. स्वयंपाक टाकून पाहायला आली असणार. माशांना पाहायला तर कोणी असं धावत येत नाही.

म्हणाली, "तुम्ही यायले इतकंसंच खायला देता? भुकेजत नाही का?"

"जास्त दिलं तर मरतात."

"मले नाही वाटत," म्हणाली. किती कोवळं मन आहे तिचं.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा तेच. गुरुवारी फेस बसतो, शुक्रवारी उफाळतो. गुरुवारी रामदासपेठेत वीज कमी दाबाने येत असावी. वीज मंडळाच्या कचेरीत जाऊन विचारलं. खिडकीवरचा म्हणाला, "गुरुवारी? काहून, गुरुवारी विजेचा उपास असते का?" मागच्या रांगेत लोक हसले. मी खिडकीवर मूठ आपटली. शिपायाने दंड धरून बाहेर काढलं.

मासे मात्र गुबगुबीत दिसतात. तेवढं एक समाधान.

१० फेब्रुवारी

पाण्याला वास आहे. मुंबईहून आणखी कॅन मागवले. वामनराव कुरकुरले.

"त्या मुंबईवाल्याची मशीन घेऊन टाकू ना गा. काहून हट्ट करून राहिला?"

"तुम्हाला माझ्यावर भरवसा नसेल तर त्यालाच बोलवा."

"तोंड पाह्य याचं! भरवशाचं कोण बोललं? फेसाचं बोलून राहिलो मी."

पाना टाकून निघून आलो. बर्डीच्या बाजारापर्यंत पायी गेलो, मग परतलो. वामनराव पेपर वाचत होते. "आला का? पाना तिथंच हाय," एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग येत नाही, हाच त्रास आहे.

उंच नळी असती तर? हा प्रश्न लिहून ठेवतो. उत्तर लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी

गोपिका आज आपणहून बोलली. मी कप धूत होतो.

"समुद्र पाहिला का तुम्ही?"

"नाही."

"त्याच्या हवेनं केस चिकट होते म्हणे. अन् लोखंडाले जंग लागते. पायऱ्या उतरल्या की पाणी, असं असते का तिकडे घरांचं?"

मी म्हणालो, कोकणात असेल. ती म्हणाली, "हो, कोकणातच."

कोकणातच. आता मला कोकण पाहायचं आहे. दुकान चाललं की पहिली पिशवी मी स्वतः जाऊन आणीन, आणि एकटा जाणार नाही. हे ताईला दाखवायचं नाही.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

एक जोकर मेला. पोट फुगलेलं होतं. जाळीने काढला. वामनरावांनी विचारलं, मी म्हणालो, प्रवासाने कमजोर झाला असेल. प्रवासाला महिना होऊन गेला, हे त्यांनाही कळतं.

थकलो आहे. रोज सायकलवर जायचं, कप ओतायचा, कांडी बदलायची, पाणी चाखून पाहायचं, परत यायचं. लाकूड खाऱ्या पाण्यात कुजतं. कामठीच्या पिशवीभर कांड्या संपत आल्या. बाबांनी आज ताईला विचारलं, "त्याच्या हाताले हा वास कशाचा येते?" ताई म्हणाली, "समुद्राचा." 

५ मार्च

ऊन चढलं. पाणी कोमट होतं. टाकीवर ओलं फडकं टाकून पंखा लावला. काकूंना विचारलं, पाहुणे कधी? "शुक्रवारी," म्हणाल्या आणि हसल्या. वामनरावांचे मुंबईचे दलाल असणार. माझी टाकी पाहून त्यांनाही हवी झाली तर?

गोपिका हल्ली कमी दिसते. परीक्षा जवळ आली.

११ मार्च, शुक्रवार

सकाळी साडेसातला पोचलो तर हॉलमध्ये गालिच्यावर फेस. कप उलथून वाहत होता. टाकीतलं पाणी ताकासारखं. आत काही दिसेना. काचेला हात लावला तर एक निळा वरच्या कडेला तोंड उघडून हवा पीत होता. बाकी तळाशी.

दगडामागे हात घातला. बोटांना मऊ काही लागलं. बाहेर काढलं तर पिवळ्या गोळ्या, बोराएवढ्या, फुगून फुटलेल्या. ढीगच होता. सगळं तेव्हाच उमगलं असं नाही. आधी वाटलं उंदराचं औषध पडलं. मग वास घेतला. हळद, गूळ, तूप.

काकू पूजेचं ताट घेऊन आल्या. नवं लुगडं नेसलेल्या.

"आज त्यायले खायला नको देऊ हां गा. काल सांगता केली, पोटभर झालं त्यायचं."

"कशाची सांगता?"

"गुरुवारची. गुरुजीनं सांगितलं होतं ना, पोरीच्या हातानं माशायले कणकेच्या गोळ्या चारा, गुरूबळ येते. मी म्हटलं घरातच मासे असताना तलावावर काहून जायचं? अन् तूच तर म्हणाला होता, तलावातले शंभर अन् हा एक."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. काकूंच्या हातातलं ताट हललं, कुंकू सांडलं. "अपशकून नको रे करू, पाहुणे निघाले आहेत रत्नागिरीवाले," म्हणाल्या.

रत्नागिरी. म्हणजे कोकण.

गोपिका दारात उभी होती. हिरवी साडी, केसांत गजरा. टाकीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. खरंच तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं होतं, जास्त दिलं तर मरतात, पण मी तर बी.एस्सी. नापासही नाही, सोडलेला. आणि गोळ्या गुरुजींनी सांगितलेल्या.

वामनराव वरून धावत आले. "काय झालं? काय झालं गा गिरधर?" त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. काकूंनी हे सगळं त्यांच्यामागे केलं होतं, हे काकूंच्या चेहऱ्यावरूनच कळलं. गोपिका माझ्याकडे पाहत होती. दोन महिने मी या नजरेची वाट पाहिली आणि ती आज आली, ती या कामासाठी.

गोळी माझ्या मुठीत होती. मूठ उघडली असती तर पुरे होतं.

"माझी नळी आखूड पडली," मी म्हणालो.

"मी म्हणत होतो ना! मोटरवाली घे, मोटरवाली घे! जिद्दी कुठला! घरात शुभकार्य अन् हॉलमध्ये हा मुर्दाड वास!"

मी मोठेपणा केला असं वाटेल. तसं नाही. नळी खरोखर आखूडच होती. उंच असती तरी कालच्या ढिगातून नसती वाचली टाकी, पण आधीच्या गुरुवारांचं तिने ओढून काढलं असतं, आणि पाणी इतकं हरलेलं नसतं. ती कोणी कापली?

टाकीवर चादर टाकली. मी मागच्या अंगणात बादल्या वाहत होतो. दुपारी गोपिकाचा होणारा नवरदेव हात धुवायला तिकडे आला. बंदर खात्यात इंजिनिअर. मी बादलीत हाताने पाणी उडवून त्या निळ्याला हवा देत होतो. त्याने बाही सरकवली आणि खाली बसला. "तुम्ही दमला असाल, जरा मी करतो," म्हणाला. आणि खरंच करत बसला, आत हाक येईपर्यंत.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं.

१३ मार्च

निळा बादलीतून घरी आणला. शिल्लक कॅनचं पाणी मातीच्या मोठ्या कुंडीत ओतलं. पलंगाखालचा नळीचा तुकडा काढला, टाकीतून काढून आणलेल्या आखूड नळीला जोडला. सांधा दिसतो, पण गळत नाही. उंच, सलाईनसारखी उभी राहिली. शेवटची कांडी लावली. तासाभरात वर कोरडा, तपकिरी, घट्ट फेस आला. मासिकात लिहिलं होतं तसाच.

बाबा कुंडीसमोर उभे राहिले. ताई घरात नव्हती, कोणाला सांगणार? शेवटी कुंडीकडेच पाहत म्हणाले, "जगते का हा?"

"जगेल."

"हं," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

२० मार्च

गाळा वामनरावांनी एका औषधवाल्याला दिला. त्यांनी स्वतः बोलावून सांगितलं, हे मान्य करायला पाहिजे. टाकीत आता गोल्डफिश सोडायचे आहेत, तेवढं काम कर म्हणाले. मी हो म्हणालो. चिडायला हवं होतं. चिडता आलंच नाही.

काकूंनी दारापर्यंत सोडलं. हळूच म्हणाल्या, "माशायनं आपल्या अंगावर घेतलं रे सगळं. पोरीचं जमलं. तू नको वाईट वाटून घेऊ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाद घालता आला नाही.

३ एप्रिल

गोल्डफिश सोडले. गोपिका पेढे घेऊन आली. वैशाखात लग्न. तिच्या बोटांना आज काही नव्हतं.

"तुम्ही माझं नाव नाही घेतलं त्या दिवशी."

मी म्हणालो, नळी आखूडच होती.

"मीच म्हटलं होतं ना, सलाईनसारखी दिसते." मग विचारलं, "तुमच्याकडचा निळा कसा आहे?"

"खातो. पण पाणी संपत आलं."

"मंग पाणी पाठवीन ना मी. यायचं घर पायऱ्या उतरल्या की समुद्रच आहे. यायले सांगीन, गाडीवर कॅन चढवून देतील. किती लागते?"

तिने 'यायचं', म्हणजे 'ह्यांचं', म्हटलं ते सहज, जुनं झाल्यासारखं. मी कापडाने हात पुसले. खोटा मोठेपणा दाखवून पाणी नको म्हणायचं मनात होतं. पण निळ्याला पाणी पाहिजे.

"आता टाकी लहान आहे," मी म्हणालो. "महिन्याला एक कॅन पुरेल. किनाऱ्याजवळचं नको, थोडं आतलं आणायला सांगा."

"आतलं," ती म्हणाली, लक्षात ठेवल्यासारखं.